उंबऱ्याच्या आतला चीन

बीजिंगमधल्या एका लहानशा फ्लॅटमध्ये तीन माणसं राहतात: आई, वडील आणि विशीतली मुलगी. वडील चामड्याच्या पिशव्या शिवून विकतात आणि त्यांचा धंदा बसत चालला आहे. माल सवलतीत काढायचा की नाही, यावरून घरात तणातणी होते. मुलीची उंची फार वाढली नाही, हाही वडिलांच्या मनातला सल आहे. कॅमेरा जिथे ठेवला आहे तिथून हलत नाही. कधी टेबलाची कड दिसते, कधी नुसते हात, कधी अर्धाच चेहरा. 110 मिनिटांत 23 शॉट, बस्स. लिऊ जियायिन या मुलीनं 2005 साली, चित्रपट शिकत असतानाच्या वयात, साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर हा ‘ऑक्सहाइड’ केला. पडद्यावरची मुलगी ती स्वतः, आई-वडील तिचेच आणि घरही त्यांचंच. चार वर्षांनी तिनं दुसरा भाग केला. त्यात हीच तिघं एका टेबलाभोवती जमून डंपलिंग करतात. पीठ मळण्यापासून ताटात वाढून खाऊन होईपर्यंत दोन तासांहून जास्त वेळ जातो आणि शॉट असतात फक्त नऊ.

या दोन्ही चित्रपटांत पक्ष नाही, पुढारी नाही, मोर्चा नाही. सरकारबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. तरी आजचा चीन समजून घ्यायचा असेल तर मी आधी अशा चित्रपटांकडे जाईन, वर्तमानपत्रातल्या आर्थिक विश्लेषणांकडे नंतर. असे चित्रपट करणाऱ्यांची आणि ते दाखवणाऱ्यांची जागा चीनमध्ये गेल्या दहा-बारा वर्षांत पद्धतशीरपणे संपवण्यात आली. सेन्सॉरचा परवाना घेऊन निघणारे चित्रपट ही हानी भरून काढतील असं बरेच जण म्हणतात. ते मला पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट मांडायला हवं.

आधी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. चीनमध्ये कुटुंब ही खासगी बाब फार काळ राहिलेलीच नाही. 1958 साली ‘हुकोउ’ ही कुटुंबनोंदणीची पद्धत कायद्यानं पक्की झाली. तुमची नोंद ग्रामीण की शहरी, यावर धान्य, शाळा, दवाखाना, नोकरी सगळं ठरू लागलं. पुढे आर्थिक सुधारणा आल्या आणि कोट्यवधी माणसं किनाऱ्याकडच्या कारखान्यांत गेली, पण त्यांची नोंद गावातच राहिली. शहरात मुलांच्या शाळेची आणि औषधपाण्याची सोय होईना, म्हणून मुलंही गावातच राहिली. आई-वडिलांवाचून गावी आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या अशा मुलांची संख्या 6 कोटींहून अधिक असल्याचा अंदाज तिथल्या अधिकृत महिला महासंघानं 2013 साली दिला होता. दुसरीकडे 1980 पासून एकाच मुलाचं धोरण सक्तीनं राबवलं गेलं. त्याला गावांसाठी आणि काही समाजांसाठी अपवाद होते, पण शहरी कामगाराला सुटका नव्हती. कोणत्या बाईला दिवस गेलेत याची नोंद कारखान्याच्या कचेरीत असे. मग 2016 साली दोन मुलांना मुभा मिळाली आणि 2021 साली तीन मुलांना, कारण आता सरकारला मुलं हवी आहेत. 1990च्या दशकाच्या शेवटी सरकारी कारखान्यांनी कोट्यवधी कामगारांना घरी बसवलं, तेव्हा नोकरीबरोबर कारखान्याचा दवाखाना, पाळणाघर आणि घराची हमीही गेली. आणि वेगळ्या राहणाऱ्या मुलांनी आई-वडिलांना वरचेवर भेटायला जावं, हे 2013 पासून कायद्यातच लिहिलेलं आहे.

म्हणजे मूल किती, ते कुठे वाढणार, बापाला काम राहणार की नाही, म्हाताऱ्या आईला भेटायला कोण जाणार, या सगळ्यावर शासनाचा हात आहे. अशा देशात कुणी स्वयंपाकघरात कॅमेरा लावला आणि तो बंद न करता शांतपणे बसून राहिला, तर तो धोरणांचे परिणामच टिपत असतो. त्यासाठी पात्रांच्या तोंडी भाषणं घालायची गरज पडत नाही. चिनी स्वतंत्र सिनेमाला हे फार लवकर उमगलं आणि त्याची सगळी ताकद तिथून आली, असं मला वाटतं.

‘स्वतंत्र’ म्हणजे इथे सरकारी स्टुडिओच्या बाहेरचा आणि सेन्सॉरच्या परवान्याशिवाय केलेला सिनेमा. झांग युआनचा 1990चा ‘मामा’ हा या परंपरेतला पहिला चित्रपट मानतात. मतिमंद मुलाला एकटीनं सांभाळणाऱ्या आईची ती गोष्ट आहे. म्हणजे सुरुवातच घरापासून झाली. सहा वर्षांनी त्यानंच ‘सन्स’ केला. दारूत बुडालेला बाप, हताश आई आणि दोन तरुण मुलं अशा एका खऱ्या कुटुंबानं त्यात स्वतःच्याच भूमिका केल्या. मधल्या काळात, 1994 साली, झांग युआनसह काही दिग्दर्शकांची नावं काळ्या यादीत गेली होती. त्यांना सामग्री देऊ नये, त्यांच्यासाठी लॅबनं काम करू नये, असा तो हुकूम होता. या सिनेमाला ‘भूमिगत’ हे विशेषण तेव्हापासून चिकटलं. ते ऐकलं की डोळ्यांसमोर बंडखोरीचं, पत्रकं वाटणाऱ्यांचं चित्र उभं राहतं, आणि त्याचा तोटाच झाला. या लोकांनी बहुतेक वेळ घरातली भांडणं, लग्नं, आजारपणं आणि जेवणं टिपण्यात घालवला.

जिया झांगके हा या सगळ्यांत जगभर पोहोचलेला दिग्दर्शक. शांक्सी प्रांतातल्या फेनयांग या कोळशाच्या पट्ट्यातल्या गावी 1970 साली त्याचा जन्म झाला. पहिले काही चित्रपट त्यानं परवान्याविना केले. ‘स्टिल लाइफ’ 2006 सालचा. तोवर त्याला परवाने मिळू लागले होते, पण नजर जुनीच होती. हा चित्रपट यांगत्से नदीवरच्या त्रिघाटी धरणाच्या बुडीत क्षेत्रात, फेंगजिये या गावात घडतो. धरणामुळे 12 लाखांहून अधिक माणसं हलवली गेली. पाणी कुठवर चढणार त्याच्या खुणा गावातल्या भिंतींवर रंगवलेल्या आहेत आणि मजूर घण मारून तीच गावं पाडत आहेत. शांक्सीचा एक खाणकामगार तिथे आपल्या बायकोला आणि मुलीला शोधत येतो. 16 वर्षांपूर्वी ही बायको त्यानं पैसे देऊन आणली होती. पुढे पोलिसांनी तिची सुटका केली आणि ती मुलीसह माहेरी परतली. हा माणूस काही नायक नव्हे. त्यानं केलेली गोष्ट गुन्हाच होती, आणि चित्रपट ती झाकत नाही. पण तो आला आहे, तिच्या भावाच्या होडीवर अवघडून बसला आहे, आणि त्याच्याकडचा पत्ता पाण्याखाली गेला आहे. त्याच गावात एक नर्सही दोन वर्षं घरी न आलेल्या नवऱ्याला शोधते आहे. तो सापडतो आणि ती त्याच्याकडे घटस्फोट मागते. गाव तुटत असताना एक संसार जोडायची धडपड आणि दुसरा सोडून द्यायची, एवढीच गोष्ट.

त्यात एक प्रसंग आहे. मजूर एकमेकांना आपापलं गाव दाखवतात ते नोटांवर. दहा युआनच्या नोटेवर इथल्याच घाटाचं चित्र आहे, आणि पन्नासच्या जुन्या नोटेवर त्या खाणकामगाराच्या मुलखातला पीत नदीचा धबधबा. नोटेवरचा घाट तसाच राहणार, पण त्याच्या पायथ्याचं गाव जाणार. कोयनेच्या, उजनीच्या नाहीतर नंदुरबारमधल्या सरदार सरोवराच्या पाण्यानं उठलेल्या गावांची माणसं ज्यांच्या ओळखीत आहेत, त्यांना या दृश्याला उपशीर्षकं लागणार नाहीत. खाणकामगाराचं काम करणारा हान सानमिंग हा जियाचा मामे-मावस नात्यातला भाऊ, आणि तो खरोखर खाणीत काम करत असे. या चित्रपटाला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. पण चीनमध्ये तो लागला तो वर्षअखेरीस, एका प्रचंड खर्चिक दरबारी भव्यपटाच्या समोर, आणि फारसा कुणी पाहिला नाही.

वांग बिंग या माहितीपटकाराची रीत आणखी खडतर आहे. ईशान्येच्या शेनयांग शहरातल्या तिएशी या जुन्या औद्योगिक भागात भट्ट्या एकामागून एक विझत होत्या, तेव्हा तो भाड्याचा छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन तिथे गेला आणि नऊ तासांचा ‘वेस्ट ऑफ द ट्रॅक्स’ घेऊन 2003 साली बाहेर आला. पहिला भाग कारखान्यांचा, दुसरा कामगारवस्तीचा. तिसऱ्या भागात तो रुळांवर येतो आणि रुळांकडेच्या खोपटात राहून पडलेला कोळसा गोळा करणाऱ्या एका बापाची आणि त्याच्या मुलाची संगत धरतो. बापाला पोलीस उचलून नेतात. मुलगा खोपटात एकटा उरतो, पुडक्यातून घरच्यांचे जुने फोटो काढतो आणि त्याचा बांध फुटतो. बाप सुटून येतो त्या रात्री दारूच्या भरात हा मुलगा त्याच्यापुढे कोसळून रडतो. सरकारी कारखान्यांची पुनर्रचना या विषयावर कितीही वाचलं, तरी त्या पुनर्रचनेनं बाप-लेकाच्या नात्याचं काय केलं हे मला या प्रसंगाइतकं कुठेच कळलं नव्हतं. वांग बिंगनं 2012 साली ‘थ्री सिस्टर्स’ केला, तो युन्नानमधल्या उंच डोंगरावरच्या गावात. तिथे आई निघून गेलेली, बाप शहरात मजुरीला, आणि दहा, सहा व चार वर्षांच्या तीन बहिणी एकमेकींना वाढवताहेत. मोठी मुलगी डुकरं चारते, धाकट्यांच्या उवा काढते, ओले बूट शेकोटीवर वाळवते. त्या 6 कोटींच्या आकड्यातली ही तीन मुलं.

इथे एक खरा आक्षेप येतो. या घरांत कॅमेरा न्यायचा हक्क कुणी दिला? चार वर्षांच्या मुलीची संमती कशी घ्यायची? हा आक्षेप फक्त सेन्सॉरचे लोक घेत नाहीत, सिनेमावर प्रेम करणारेही घेतात, आणि तो बाजूला सारणं मला जमत नाही. फान लिशिनचा ‘लास्ट ट्रेन होम’ हा 2009चा माहितीपट आठवून बघा. सिचुआनमधलं एक जोडपं लेकरांना गावी आजीकडे ठेवून ग्वांगझूच्या कपड्यांच्या कारखान्यात वर्षानुवर्षं राबतं आणि वर्षातून एकदा, नव्या वर्षाच्या सणाला, चेंगराचेंगरीतून रेल्वे पकडून घरी येतं. एवढं सोसायचं ते मुलीनं शिकावं म्हणून. मुलगी शाळा सोडते आणि स्वतःच कारखान्यात जाते. सणाला घरी जमल्यावर शब्दाला शब्द वाढतो, बाप हात उचलतो, मुलगीही उलटून भिडते. मग ती कॅमेऱ्याकडे वळून ओरडते की, तुम्हाला माझं खरं रूप टिपायचं होतं ना, ते हेच. त्या क्षणी प्रेक्षक म्हणून आपणही त्या खोलीत आगंतुक ठरतो. दिग्दर्शकानं कॅमेरा खाली ठेवायला हवा होता का? मला वाटतं, त्या घटकेला ठेवायला हवा होता. पण ते दृश्य चित्रपटात नसतं तर त्या घराची गोष्ट त्यागाची, कष्टाची आणि सणाच्या ओढीची एक गोड कथा होऊन बसली असती. तशी कथा सरकारी दूरदर्शनच्या नववर्षाच्या कार्यक्रमातही सहज चालते. आई-बापाचा त्याग मुलीपर्यंत परकेपणा होऊन पोहोचला, हे सत्य त्या भांडणाशिवाय बाहेर आलं नसतं. या दोन गोष्टींचा मेळ मला घालता आलेला नाही, आणि घालता येतो असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वासही नाही.

या पेचाला चिनी दिग्दर्शकांनी स्वतःच एक उत्तर शोधलं, ते मला या चळवळीतलं सर्वात मोलाचं काम वाटतं. दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी त्यांनी कॅमेरा आपल्या घराकडे वळवला. लिऊ जियायिनचं उदाहरण आलंच. सोंग फांगनं 2012 साली ‘मेमरीज लुक ॲट मी’ केला. नानजिंगच्या माहेरी आलेली बिनलग्नाची मुलगी आणि तिचे म्हातारे आई-वडील बसून बोलतात, नात्यातल्या कुणाच्या आजाराबद्दल, कुणाच्या मरणाबद्दल, तिच्या पुढच्या आयुष्याबद्दल. दुसरं काही घडत नाही, आणि तरी एका पिढीची सगळी काळजी त्या बोलण्यात आहे. झांग मेंगची 2010 पासून हुबेई प्रांतातल्या आपल्या वडिलांच्या गावी जाते आहे. जवळच्या शहरापासून गाव 47 किलोमीटरवर, म्हणून तिच्या चित्रपटांच्या नावात 47 हा आकडा असतो. वू वेनग्वांग या ज्येष्ठ माहितीपटकारानं तरुणांना आपापल्या गावी पाठवून 1959 ते 1961च्या दुष्काळाच्या आठवणी म्हाताऱ्यांकडून ऐकायला लावल्या, त्या उपक्रमातून हे सुरू झालं. शाळेच्या पुस्तकात ज्या भुकेबद्दल धड सांगितलं जात नाही, ती तिनं आपल्याच आजोबांच्या पिढीच्या तोंडून ऐकली. घरातल्या माणसांच्या आठवणी हाच जिथे इतिहासाचा उरलेला कागद असतो, तिथे नात आजोबांना प्रश्न विचारते ही मोठी सार्वजनिक कृती ठरते.

गू शियाओगांगचं ‘ड्वेलिंग इन द फूचुन माउंटन्स’ हे 2019चं. हांगझूजवळच्या फूयांगमध्ये त्याच्या आई-वडिलांचं खानावळीसारखं छोटं रेस्टॉरंट होतं, ते शहराच्या फेरबांधणीत पाडलं गेलं. त्यातून त्याला वाटलं की हे गाव बदलत असतानाच नोंदवून ठेवावं. आजीचा वाढदिवस, तिला आलेला झटका आणि मग स्मृतिभ्रंश, तिला कुणी ठेवून घ्यायचं यावरून चार भावांतली ओढाताण, पाडापाडीच्या भरपाईचे पैसे, नातीच्या लग्नाला घरच्यांचा विरोध, असं हे कथानक कुठल्याही मराठी घरात शब्दही न बदलता घडू शकेल. भूमिकांत बहुतेक त्याचेच नातेवाईक आणि ओळखीचे. दोन वर्षं, सगळ्या ऋतूंत, पैसे येतील तसं चित्रीकरण चाललं. चौदाव्या शतकातल्या हुआंग गोंगवांगच्या त्याच नावाच्या लांबलचक गुंडाळीचित्रासारखा कॅमेरा नदीकाठानं हळूहळू सरकत राहतो. पैशावरून भांडणाऱ्या भावांपैकी एकालाही दिग्दर्शक खलनायक करत नाही. घरात ज्याच्या वाट्याला जे आलं ते तो कसं निभावतो, एवढंच तो बघतो. आपल्याकडच्या कौटुंबिक मालिका पाहून मेंदू शिणलेल्या कुणालाही मी हा चित्रपट आवर्जून बघायला सांगेन.

आता पलीकडच्या बाजूचा युक्तिवाद. तो असा, की स्वतंत्र सिनेमाची गरज संपली आहे. बाजार मोठा झाला, जिया झांगके काय किंवा वांग शियाओश्वाई काय, एकेकाळचे बंडखोर परवाना घेऊन चित्रपट करू लागले आणि कुटुंबाचे गंभीर चित्रपट अधिकृतपणेही निघतातच की. यात तथ्य आहे. वांग शियाओश्वाईचा 2019चा ‘सो लाँग, माय सन’ परवाना घेऊनच आला. कारखान्यातली कुटुंबनियोजन अधिकारी आपल्याच मैत्रिणीला सक्तीनं गर्भपात करायला नेते, नंतर त्या जोडप्याचा एकुलता मुलगा पाण्यात बुडून मरतो, आणि त्या दोन घरांमध्ये 30 वर्षं न बोललेलं काहीतरी साचत जातं. बर्लिनला त्यातल्या दोन्ही प्रमुख कलाकारांना अभिनयाचे पुरस्कार मिळाले आणि चीनमध्ये तो रीतसर प्रदर्शितही झाला. पण त्यात एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. एक मूल धोरण तोवर अधिकृतपणे मागे घेतलं गेलं होतं. सरकारनं जे प्रकरण मिटलेलं मानलं आहे त्याचं दुःख दाखवायला परवानगी मिळते. चालू असलेल्या दुःखाचं काय?

त्याचं उत्तर तीनच वर्षांनी मिळालं. ली रुइजुन हा दिग्दर्शक गान्सू प्रांतातल्या गाओताईचा. आपल्याच मुलखात, आपल्याच शेतकरी नातेवाईकाला प्रमुख भूमिकेत घेऊन त्यानं ‘रिटर्न टु डस्ट’ केला. दोन्हीकडच्या घरांना नकोशी झालेली दोन माणसं, एक अबोल गरीब शेतकरी आणि मारहाणीनं शरीर अधू झालेली बाई, यांचं लग्न घरचे उरकून टाकतात. रिकामी घरं पाडली की मालकाला सरकारी पैसे मिळतात, त्यामुळे ही दोघं एका पडक्या घरातून दुसऱ्यात जातात, आणि शेवटी स्वतः मातीच्या विटा पाडून घर बांधतात. पुठ्ठ्याच्या खोक्यात दिवा लावून अंडी उबवतात, तेव्हा खोक्याच्या भोकांतून उजेडाचे ठिपके त्यांच्या अंगावर आणि भिंतीवर फिरतात. इतकं कोवळं प्रेम पडद्यावर क्वचित दिसतं. चित्रपट 2022च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत होता. जुलैत चीनमध्ये लागला, कानोकानी पसरला आणि कमाई 10 कोटी युआनच्या पुढे गेली. त्याच्याकडे परवाना होता, प्रेक्षक होते, पैसाही होता. तरी सप्टेंबरअखेर, पक्षाच्या विसाव्या महाअधिवेशनाच्या तोंडावर, तो चिनी संकेतस्थळांवरून नाहीसा झाला. त्याआधीच तिथे दाखवल्या गेलेल्या आवृत्तीच्या शेवटी एक ओळ जोडली गेली होती: सरकार आणि गावकऱ्यांच्या मदतीनं हा शेतकरी नव्या घरात राहायला गेला. आत्यंतिक गरिबी संपली असं सरकारनं 2021 साली जाहीर केलं होतं, त्यामुळे त्या शेतकऱ्याचं दारिद्र्य जाहीरनाम्याशी जुळेना. परवाना म्हणजे संरक्षण नव्हे, हे यातून दिसलं. दिलेला परवाना दुसऱ्या दिवशी निरुपयोगी करता येतो, आणि तेव्हा त्या चित्रपटाला जायला दुसरी जागा लागते.

ती दुसरी जागा आधीच मोडून टाकलेली होती. बीजिंगबाहेरच्या सोंगझुआंग या कलावंतांच्या वस्तीत ली शियानतिंग या समीक्षकाच्या पुढाकारानं स्वतंत्र चित्रपटांचा महोत्सव भरत असे. 2012 साली उद्घाटनालाच वीज तोडली गेली. 2014च्या ऑगस्टमध्ये महोत्सव बंद पाडला गेला, आयोजकांना पोलीस घेऊन गेले आणि कार्यालयातला चित्रपटांचा संग्रह जप्त झाला. वर्षानुवर्षं जमवलेल्या टेप आणि डिस्क. त्यातल्या कितीतरी गोष्टींची दुसरी प्रत कुठे असेल याची खात्री कोण देणार? आयोजकांत वांग होंगवेई होता, जिया झांगकेच्या पहिल्या चित्रपटाचा नायक. कुनमिंगचा माहितीपट महोत्सव 2013 साली रद्द झाला. नानजिंगचा, 2003 पासून चालत आलेला, 2020च्या सुरुवातीला थांबल्याचं आयोजकांनी जाहीर केलं. 2017च्या मार्चपासून चित्रपटांचा नवा कायदा लागू झाला आणि परवान्याविना चित्रपट परदेशी महोत्सवात पाठवणंही दंडाला पात्र ठरलं. पुढच्या वर्षी चित्रपटांचा कारभार थेट पक्षाच्या प्रचार विभागाकडे गेला. 2025च्या नोव्हेंबरमध्ये तर न्यू यॉर्कमध्ये भरणारा चिनी स्वतंत्र चित्रपटांचा महोत्सवही आयोजकाला स्थगित करावा लागला, कारण चीनमधल्या दिग्दर्शकांवर आणि त्यांच्या घरच्यांवर दबाव आला.

घरच्यांवर दबाव, हे शब्द वाचून पुढे जाऊ नये. यिंग लियांग या दिग्दर्शकानं 2012 साली एका खटल्यातल्या आरोपीच्या आईवर चित्रपट केला आणि त्याला परत मायदेशी जाता येईना. तो हाँगकाँगमध्ये राहिला. 2018 साली त्यानं ‘अ फॅमिली टूर’ केला. त्यात परदेशात अडकलेली एक दिग्दर्शिका आपल्या आजारी आईला भेटते ती तैवानमध्ये, पर्यटक म्हणून आलेल्या आईच्या बसच्या मागे टॅक्सीनं फिरत. सहलीतल्या इतरांना संशय येऊ नये म्हणून मायलेकींनी ओळख दाखवायची नाही. कुटुंबावर चित्रपट करणाऱ्याला शिक्षा कुटुंबातूनच मिळते, हे इतकं थेट दाखवणारं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही.

घरातली धुणी परक्यांपुढे कशाला धुवायची, असं या चित्रपटांबद्दल चीनमध्ये अनेक साधी माणसंही म्हणतात, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पाश्चात्त्य महोत्सवांना चिनी दारिद्र्य आणि चिनी बंदी यांची चटक आहे हेही खरं. ‘बंदी घातलेला’ हे लेबल लावलं की तिकिटं खपतात, आणि मग साध्या जेवणाच्या टेबलावरच्या चित्रपटाकडे कुणी वळून बघत नाही. पण यावर उपाय घरातच ही धुणी धुवायची सोय करण्याचा आहे. सोंगझुआंग आणि नानजिंगचे महोत्सव चालू असते तर हे चित्रपट आधी चिनी माणसांनीच पाहिले असते, त्यावर भांडले असते, दिग्दर्शकाला जाब विचारला असता. ती दारं ज्यांनी बंद केली त्यांनीच पुढे परदेशी प्रशंसेला देशद्रोह म्हणावं, यात न्याय नाही.

आपल्याकडे हा प्रश्न पूर्ण परका नाही. 2004च्या मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली, तेव्हा माहितीपटकारांनी विरोध केला. अट मागे घेतली गेली, पण अनेक राजकीय माहितीपट निवडीत गळाले. त्यावर त्या फेब्रुवारीत मुंबईतच ‘विकल्प’ नावाचा समांतर महोत्सव भरला. तो भरू शकला, इतका फरक आपल्यात आणि त्यांच्यात होता आणि तो मोठा आहे. आजही महोत्सवातल्या चित्रपटाला प्रमाणपत्र नसेल तर केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावीच लागते, म्हणून हा फरक गृहीत धरू नये.

गलवाननंतर आपल्या बोलण्यात चीन म्हणजे सैन्य, सरहद्द आणि स्वस्त माल एवढंच उरलं आहे. सरहद्दीचा प्रश्न खरा आहे, पण ज्या देशाशी इतकी लांब सीमा आहे तिथली घरं कशी चालतात याची आपल्याला कल्पनाच नसावी, हे धोक्याचं आहे. मुंबई-पुण्यात आणि छोट्या शहरांतही फिल्म सोसायट्या आहेत. त्यांनी या चित्रपटांची मालिका लावावी, आणि ती ‘बंदीतला चीन’ अशा नावाखाली लावू नये. बाप-लेक, माय-लेक, भाऊ-भाऊ, सासर-माहेर अशा नात्यांनुसार लावावी. मराठी उपशीर्षकं करायला चिनी शिकणारे विद्यार्थी पुढे येतील, मागून तर बघा. ‘ड्वेलिंग इन द फूचुन माउंटन्स’ पहिल्या दिवशी ठेवावा, कारण आजीला कुणी सांभाळायचं या वादात प्रेक्षागृहातला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या भावाची बाजू घेईल. ‘वेस्ट ऑफ द ट्रॅक्स’ तीन रविवारी विभागून दाखवावा आणि त्या वेळी मुंबईच्या गिरणगावातल्या जुन्या कामगारांना बोलवावं. चर्चा त्यांनी सुरू करावी.